सातव्या खोलीतली सहावी खाट

मुलीला होस्टेलवर ठेवावं की नाही, हे विचारायला नात्यातल्या, ओळखीतल्या बायका अधूनमधून आमच्याकडे येतात. आम्ही पाचजणी १९९५ ते १९९८ अशी तीन वर्षं चिपळूणच्या बाजूला एका छोट्या कॉलेजच्या होस्टेलात राहिलो, म्हणून आम्हाला विचारतात. आम्ही 'जरूर ठेवा' म्हणतो आणि मग पाणी, जेवण, दाराची कडी यांवर बोलत बसतो. खोलीत सहावी खाट होती, ते सांगत नाही. हे लिहितेय आमच्यातली एकच, पण बाकी चौघींना फोनवर वाचून दाखवलं आहे. एकीने दोन वाक्यं काढायला लावली, एकीने चार घालायला लावली.

सगळं होस्टेल छत्तीस मुलींचं. संडास तीन. नळाला पाणी सकाळी सहा ते सात, त्यामुळे बादल्यांची रांग साडेपाचला लागायची आणि बादलीवर नेलपॉलिशने नाव घातलेलं असायचं. मेसमध्ये मांस-मच्छी नव्हती. घरून येताना सुक्या बोंबलाची चटणी बाटलीत आणायचो, तीन पिशव्यांत गुंडाळून, तरी जिन्यापर्यंत वास जायचा आणि वरच्या मजल्यावरच्या गुहागरच्या मुली भाकरी घेऊन खाली यायच्या. किब्ल्याच्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीला वाळत घातलेले कपडे. नमाजेआधी ते काढायचं काम ज्याचं-त्याचं, म्हणजे कुणाचंच नाही. शेवटी आपा काढायची.

आपा आमच्याच वयाची. पण ती उठवायची, ती हिशेब ठेवायची, म्हणून आपा. तिचे अब्बा कुवेतला होते. १९९० च्या लढाईत सगळं तिथेच टाकून परत आले आणि दोन वर्षांनी पुन्हा गेले, ते या खेपेला कतारला. त्यांनी पाठवलेलं मशिदीच्या आकाराचं, अजान देणारं हिरवं घड्याळ तिच्या उशाशी असायचं. ते वाजलं की पाचजणी पांघरूण डोक्यावर ओढायच्या आणि आपा एकेकीचा पाय हलवत फिरायची.

आमच्यातल्या प्रत्येकीला घरातून सोडताना काही ना काही झगडा झालाच होता. एकीचे नाना मात्र स्वतः ट्रंक उचलून एस.टी.पर्यंत आले. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलं, तिथे राहून ते शिकले होते. घरात कुणी काही बोललं की म्हणायचे, "मी राहिलो तेव्हा चालत होतं, आता नातीचं का नाही?" असे नाना सगळ्यांच्या घरी नव्हते.

भाषेची गंमत वेगळीच. घरी कोकणी बोली, शाळा उर्दू, कॉलेजची पुस्तकं इंग्रजी आणि होस्टेलच्या पाट्या, अर्ज, नोंदवही सगळं मराठी. बोलायला आम्हाला मराठी येत होतंच, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, सगळीच बोंब. रेक्टरबाई लाल पेनने गोल करायच्या. आपा एकटी मराठी शाळेतून आलेली, अक्षर छापल्यासारखं. म्हणून फीमाफीचा अर्ज, रजेचा अर्ज, बाहेर जाण्याची नोंद, सगळ्यांचं सगळं तीच लिहायची. बदल्यात आम्ही तिची बादली भरायचो. हा व्यवहार आम्हाला फार सोयीचा वाटायचा.

१९९६ चा डिसेंबर होता. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला पुढे २६ जानेवारी १९९८ उजाडलं, पण आमच्या भागात रूळ पडले होते, इंजिनं दिसायला लागली होती. आमच्यातल्या तिघींनी आगगाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. एका रविवारी दुपारी आम्ही पाचजणी स्टेशन बघायला निघालो. आपाला ताप होता, ती खोलीतच राहिली. स्टेशन असं कारण सांगितलं तर परवानगी मिळाली नसती. आम्ही दारातून ओरडलो, "आपा, दवाखाना लिही!" ती उठली, खाली गेली आणि तिने पाच नावं लिहिली. कारण : दवाखाना.

गाडी आलीच नाही. एक नुसतं इंजिन आलं, खडीचे दोन डबे ओढत. त्यावर आम्ही इतक्या खूश झालो की परतीची एस.टी. चुकली. फाटकाशी पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते आणि रेक्टरबाई वही उघडून बसल्या होत्या.

"दवाखान्यातून एवढा वेळ? पाचही जणी आजारी?"

आम्ही गप्प.

"हे अक्षर कुणाचं?"

आपा जिन्यात उभी होती, शाल गुंडाळून. म्हणाली, "माझं."

तेव्हा आमच्यातली एक बोलली. कोण, ते इथे लिहीत नाही. जिने बोलली ती म्हणते नाव घाला, बाकीच्या म्हणतो नको, कारण बाकीच्यांनी मान हलवली होती. ती म्हणाली, "आम्ही तिला बाजारात जातो म्हणून सांगितलं होतं. तिने दवाखाना का लिहिलं, माहीत नाही."

आपाने आमच्याकडे पाहिलं. काहीच बोलली नाही. पुढे कळलं, तिला वाटलं होतं की रात्री खोलीत बसून आम्ही ठरवू आणि सकाळी जाऊन खरं सांगू. रात्री आम्ही गादीवर पडून इंजिनाबद्दल बोललो, तिच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली. सकाळी कुणी गेलं नाही.

आम्हाला दहा-दहा रुपये दंड झाला. तिच्या घरी पत्र गेलं, खोटी नोंद केल्याचं. अब्बा परदेशी, म्हणून आठ दिवसांनी चाचा आले. पांढरी टोपी, हातात आमच्यासाठी केळ्यांची फणी. व्हरांड्यात आम्हाला पाचजणींना उभं करून त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बेटा, खरं काय झालं? तुम्ही सांगाल तेच मी घरी सांगेन."

असा सोपा सवाल आम्हाला पुन्हा कुणी विचारला नाही. आम्ही म्हणालो, "आम्हाला माहीत नाही, चाचा."

ते आपाला आठ दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले. ट्रंक नेली, गादी नेली. घड्याळ खिडकीतल्या कपड्यांमागे राहिलं.

जानेवारीत रमजान आला. मेसच्या मावशी रात्रीच भाकऱ्या आणि मटकीची उसळ डब्यात भरून द्यायच्या, शेगडीला बंदी असल्यामुळे थंडच खायची. पहिल्या सहरीला घड्याळ वाजलं, अजान पूर्ण झाली आणि बंद पडलं. आम्ही जागे झालो तेव्हा बाहेर बादल्यांचा आवाज येत होता. पाचहीजणींचा पहिला रोजा सहरीशिवाय. तीन-चार दिवसांनी संक्रांत आली. वरच्या गुहागरवाल्या मुली तिळगूळ देऊन गेल्या, रोजा आहे हे त्यांना माहीत, म्हणून कागदाच्या पुड्या करून. इफ्तारला पुड्या सोडल्या तर सहा निघाल्या. त्यांना वाटलं होतं आपा परत आली असेल.

त्या रात्री आम्ही तिच्या अम्मीला पत्र लिहायला घेतलं. अंतर्देशीय पत्रावर, मराठीत, आमच्या त्याच अक्षरात. सगळं लिहिलं : स्टेशन, इंजिन, दवाखाना कुणी सांगितला ते. पाच सह्या केल्या. टाकायचं कुणी, यावरून चार दिवस गेले. मग कुणीतरी म्हणालं, पत्र तिकडून उलट रेक्टरबाईंकडे आलं तर? पत्र एकीच्या वहीत राहिलं. एप्रिलमध्ये आपाच्या निकाहचा निरोप आला, आमच्या परीक्षेच्याच आठवड्यात.

आम्ही बी.ए. झालो. दोघी शिक्षिका आहोत, एक पंचायत समितीत लागली, दोघींनी घर सांभाळलं. वर्षातून एकदा भेटायचो आणि आपाचा विषय निघाला की कुणीतरी चहा ठेवायला उठायची.

ती भेटली वीस-बावीस वर्षांनी, महाडला एका लग्नात. आधी तिनेच ओळखलं. दोन मुलं झाल्यावर तिने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं, रात्री अभ्यास करून, आणि आता गावातल्या बचत गटाचे हिशेब लिहीत होती. आम्ही एकदम बोलायला लागलो, पाचजणी, माफी, रेक्टरबाई, चाचा. तिने बिर्याणीचं ताट आमच्या पुढ्यात सरकवलं. म्हणाली, "चाचांनी घरी जाताना एस.टी.त मला विचारलं, मैत्रिणींना का माहीत नाही? मी म्हटलं, त्या सांगतील. अम्मी निकाहपर्यंत पोस्टमनची वाट बघत होती."

आम्ही पत्राचं सांगितलं. लिहिलं होतं, टाकलं नाही, असं.

"लिहिलं होतं?" ती म्हणाली. एवढंच. मग ती उठून नवरीच्या आईला मदत करायला गेली. जेवण आम्हाला गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती पुन्हा येऊन बसेल असंही वाटलं नव्हतं. पण ती आली, आणि घड्याळाचं विचारलं. ते केव्हाच भंगारात गेलं होतं. तेही सांगितलं.

तेव्हापासून ती आमच्या फोनच्या ग्रुपमध्ये आहे. फार लिहीत नाही. जुम्म्याला सलाम टाकते, कुणी आजारी असलं की दुआ.

या जूनमध्ये आमच्यातल्या एकीची मुलगी महाडच्या बाजूला शिकायला जाते आहे, होस्टेलवर. फॉर्ममध्ये स्थानिक पालक असा रकाना आहे : जवळ राहणारं, अडीनडीला येणारं कुणीतरी. त्या गावापासून सगळ्यात जवळ आपा राहते. फोन करायचा की नाही, यावर आम्ही पुन्हा दोन दिवस घालवले. शेवटी मुलीच्या आईनेच केला, आणि आधी सगळं मुलीला सांगून मग केला.

आपाने ऐकून घेतलं. म्हणाली, "लिहा माझं नाव. फक्त फॉर्म पोरीला स्वतःच्या हाताने भरू द्या. आणि फोटो लागत असतील तर सांगा, मागच्याच महिन्यात काढलेत, दोन शिल्लक आहेत."