सड्याची गोष्ट

रत्नागिरी
भाद्रपद वद्य षष्ठी

चि. मृण्मयीस,

चिरेखाणवाल्याने आपला वरचा सडा मागितल्याचं तुझ्या बाबाने तुला कळवलं, आणि तू लगेच फोनवर विचारलंस, "आत्या, ती जागा नुसती पडून आहे. आजोबांनी कधी विकली का नाही? निदान कलमं तरी लावायची होती!" मी 'लिहिते' एवढंच म्हटलं. उत्तर द्यायचं तर आधी सड्यावर जाऊन यायला हवं होतं, आणि गणपतीच्या गडबडीत ते जमत नव्हतं. काल सकाळी जाऊन आले.

तुम्ही मुलं सडा पाहिलात तो कायम मे महिन्यात, नाहीतर नाताळच्या सुटीत. काळा कातळ, वाळकं गवत आणि पाय भाजतील असं ऊन. तुला तो ओसाड वाटला यात नवल नाही. सातबाऱ्यावरही त्याची नोंद पोटखराबा म्हणूनच आहे.

काल बेडं काढून वर गेले तेव्हा रात्रीची सर नुकतीच थांबली होती. कातळावर शेवाळ असलं की एकेक पाऊल पाहून टाकावं लागतं, त्यामुळे नजर आपोआप खाली राहते. सड्यावर तशीच हवी. उभ्याने पाहिलं तर लांबवर एक जांभळट पट्टा दिसतो, मध्येमध्ये पांढरा. वाकून पाहिलं की पांढरे ते गेंद, सुतासारख्या देठांवर टेकलेले. जांभळी ती सीतेची आसवं. एक फूल करंगळीच्या नखाएवढं, पण अशी हजारो एकमेकांना लागून उभी असतात.

या आसवांची गंमत तुला ठाऊक नसेल. हे झाड शिकारी आहे. ओल्या मातीत, जेमतेम दिसतील अशा त्याच्या इवल्या पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी ते बाहेर काढून टाकतं, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात. दाराशी केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्यांना लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. पापणी लवायच्या कितीतरी आधी दार पुन्हा बंद. शेजारीच दवबिंदूचं झाड होतं. त्याच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात. दव समजून किडा बसतो तो कायमचाच.

इतकी नाजूक झाडं मांसाहारी का झाली? कारण जमिनीत खायला काही नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सड्याचा हा जांभा दगड तयार झाला तोच मुळी अशा पावसाने खडकातलं बरंचसं विरघळवून नेल्यामुळे. मागे उरलं ते मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियम. वर माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणूनच ही लहान झाडं सावलीवाचून, सुखाने वाढतात. मातीची खोली बोटाबोटाने बदलते तशी वस्ती बदलते: पातळ ओल्या थरात आसवं आणि गेंद, थोडी जास्त माती असली की गवत, आणि गडग्याच्या कडेला साठलेल्या मातीत तेरडा. आपल्या गौरीचा तेरडा तिथूनच येतो. श्रावणात ज्याची भाजी खाल्ली तो कवळाही आता पिवळ्या फुलांवर होता. दिपकाडीची पांढरी फुलं मात्र आधीच येऊन गेली. पावसाबरोबर उगवायचं, फुलायचं आणि कातळ तापायच्या आत बी टाकून मोकळं व्हायचं, असा इथला कारभार. दिवाळीपर्यंत सगळं पिवळं पडतं.

उक्षी आणि कशेळीच्या सड्यांवर कातळात कोरलेले हत्ती आहेत, हे तू बातम्यांत वाचलं असशील. गुराख्यांच्या पायाखालची ती चित्रं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव विचारत, सडे पायी पालथे घालून शोधली. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपल्या सड्यावर तसं काही नाही, मी पाहिलं आहे. पण रिकामा म्हणून सोडून दिलेल्या जागेत काय निघू शकतं, ते त्यावरून कळतं.

आता तुझे आजोबा. त्यांना फुलांचं वेड होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. आसवांवरून ते गुरं घेऊन खुशाल जात. त्यांचं कारण विहीर हे होतं. जांभ्याला भोकं आणि भेगा असतात. सड्यावर तुंबलेलं पाणी त्यातून सावकाश खाली झिरपतं, आणि उताराला वाडीतल्या विहिरींत, पऱ्ह्यात निघतं. "वरचा सडा फोडला तर खाली पोहरा कोरडा येईल," एवढंच ते म्हणत. शेजारच्यांनी सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरची माती भरून हापूसची कलमं लावली. त्यांच्या कलमांचे पैसे येतात, आपल्या सड्याचे येत नाहीत, हे अगदी खरं. आणि चिरेखाणीला मी नावं ठेवू तरी कशी? आपलं घर चिऱ्याचंच आहे. पण खाण लागली की सडा परत होत नाही. कलमं आज नाही लावली तर पाच वर्षांनी लावता येतील. कातळ आणि त्यावरची ती बोटभर माती एकदा गेली की कुणालाही परत आणता येणार नाही.

सडा तुझ्या बाबाच्या आणि माझ्या नावावर आहे. उद्या तो तुम्हा मुलांचा होईल, म्हणून तुझं मत मला हवं आहे. पण मे महिन्यात पाहून बनवलेलं नको. पुढच्या वर्षी गणपतीला ये आणि विसर्जनानंतर आठवडाभर रहा. सकाळी माझ्याबरोबर वर चल. बूट घरी ठेव, शेवाळावर घसरतात. त्यानंतरही विकावा असं वाटलं, तर आपण तिघं बसून बोलू. तोवर खाणवाल्याला मी नाही म्हणून कळवलं आहे.

तब्येतीला जप. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या