पानी कुठशी आननार?

माझ्या धंद्यातलं पहिलं कोटेशन मी फोनवर दिलं, भिंत न पाहता. २०१२ चा पावसाळा नुकताच सरला होता. कशेळीहून काल्हेरकडे जाताना गोदामांची रांग लागते. त्यातल्या एका कुंपणभिंतीवर पोरांनी स्प्रेने नावं, बदाम आणि नको ते शब्द लिहून ठेवले होते. भिंत ३०० चौरस फूट. मी ८ रुपये फूट म्हणालो, म्हणजे २,४०० रुपये. समोरून लगेच होकार आला.

माण तालुक्यातून मी २००९ मध्ये इथे आलो. तीन वर्षं गोदामात माल चढवला-उतरवला. पाठ दुखायला लागली तेव्हा बायकोची पाटली गहाण ठेवून एक जुनं प्रेशर मशीन घेतलं. त्याने गाड्या धुतात, फरशा धुतात, तर भिंतही धुता येईल, एवढंच माझं ज्ञान होतं.

भिंतीपाशी गेल्यावर दिसलं की स्प्रेच्या खाली डिस्टेंपर आहे आणि त्याच्याही खाली जुन्या जाहिरातीचा ऑइलपेंट. मशीनच्या पाण्याने डिस्टेंपर धुपून गेला, स्प्रेची अक्षरं अर्धवट राहिली. मग मी दुकानातून मुरियाटिक अॅसिड आणून ओतलं. गिलाव्यावर फेस आला, वाळू सुटून खाली पडायला लागली आणि ऑइलपेंट जिथल्या तिथे राहिला. अॅसिड सिमेंटला आणि चुन्याला खातं, तेलाच्या रंगाला नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्यात गोदामाच्या नळाला दिवसातून अर्धा तास पाणी. बाकीचा वेळ मशीन आणि दोन मजूर बसून.

तिसऱ्या दिवशी काका आले. कशेळीतलेच, आगरी, तेव्हा सत्तरीला टेकलेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. भिवंडी तालुक्यातल्या किती भिंतींवर त्यांनी ब्रशने जाहिराती रंगवल्या असतील याची मोजदाद नाही. बियाणं, साबण, सिमेंट, बिडी. फ्लेक्स आला आणि काम बसलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बाला, मना सांग, पानी कुठशी आननार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दुसरं विचारलं, "आनि ही घान कुठं जानार?" गटार थेट खाडीकडे जात होतं. त्या खाडीत त्यांच्या वडिलांची जाळी पडायची. ते रागावले नाहीत, पण गटाराच्या तोंडाशी त्यांनी स्वतःच्या हाताने वाळूचा बांध घातला. मी नुसता बघत उभा राहिलो, याची लाज आजही वाटते.

संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब लिहायला लावला. दोन माणसं, तीन दिवस, ४०० रुपये रोज, म्हणजे २,४००. तिथेच थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलेला सगळा भाव नुसत्या मजुरीत संपला होता. पुढे पेंट रिमूव्हर: एका लिटरमध्ये साधारण ४० फूट निघतं, म्हणजे ८ लिटर, २२० ने १,७६०. पाण्याचा टँकर ६००. परांचीचं भाडं ५००. हातमोजे, प्लास्टिक, फडकी ३४०. बेरीज ५,६००. त्यावर दुसऱ्या हाताच्या कामासाठी आणि स्वतःच्या पोटासाठी पाव हिस्सा, १,४००. एकूण ७,०००, म्हणजे फुटाला २३ रुपयांच्या वर. काका म्हणाले की फुटाचा भाव गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी असतो, आपण माणसं आणि तास मोजायचे. त्या कामात मी कर्जात गेलो. पाटली सोडवायला आणखी दीड वर्ष लागलं. पण तो कॅलेंडरचा कागद मला त्या दिवशी मिळाला.

त्यानंतर मी कोटेशन देण्याआधी भिंत पाहू लागलो. पाहायची कशी, हेही त्यांनीच शिकवलं. कोपऱ्यात, नजरेआड, वीतभर जागा निवडायची. तिथे चार ठिकाणी चार फडकी: साधं पाणी, स्पिरिट, एनसी थिनर, रिमूव्हर. दहा मिनिटं थांबायचं. पाण्याने सुटला तर डिस्टेंपर. स्पिरिटने चिकट झाला तर बहुधा प्लास्टिक इमल्शन. थिनरने फडक्यावर उतरला तर स्प्रे. कशालाच न बधता रिमूव्हरखाली सुरकुतला, तर जुना ऑइलपेंट. कोरा गिलावा रंगाचा पहिला हात पिऊन टाकतो, म्हणून जाहिरात रंगवणारे आधी अस्तर मारायचे. ते अस्तर आहे की नाही हे ओळखलं की रंग किती खोल गेला आहे याचा अंदाज येतो. भावातला सगळा फरक त्या खोलीचा असतो.

भिंतीला रसायन खालून वर लावायचं आणि त्याआधी खालचा भाग पाण्याने भिजवून ठेवायचा, नाहीतर ओघळ कोरड्या भिंतीत शिरून नवे डाग पडतात. मशीनचा पंख्यासारखा फवारा फूटभर लांब धरायचा. एकाच जागी टोचणारी धार लावली तर रंगाबरोबर गिलाव्याची कातडी निघते. अक्षर गेलं तरी त्याची छाया राहते. तिच्यासाठी मुलतानी मातीत थिनर कालवून लेप द्यायचा, वर प्लास्टिक झाकायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी प्लास्टिक काढलं की लेप सुकत जातो आणि आतला रंग ओढून घेतो. निघालेला रंग, फडकी, लेप हे सगळं पिंपात. गटारात काही नाही. पिंपाचा आणि ते उचलून नेण्याचा खर्च मी अजूनही कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहितो. गिऱ्हाइक ती ओळ कापायला सांगतं. मी कापत नाही.

सोसायट्यांच्या जिन्यांतून गुटख्या-पानाच्या पिचकाऱ्या काढायची कामं मिळायला लागली, तेव्हा मी साबण-सोडा घेऊन निघालो होतो. काकांनी अडवलं. कात चुन्याला लागला की लाल होतो हे पान खाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं, आणि सोडा हा चुन्याच्याच जातीचा. चिनी मातीच्या टाइल्सवर पातळ ऑक्झॅलिक अॅसिड चालतं. पण जिने बहुतेक कोट्याचे असतात, आणि कोटा हा चुनखडीचा दगड. त्यावर अॅसिड टाकलं की पॉलिश गेलंच. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप, आणि धीर. बंद जिन्यात रिमूव्हर उघडायचा नाही. माझ्या एका मजुराला तशी चक्कर आली होती. त्याला दवाखान्यात घेऊन बसलो त्या रात्री मला कळलं की मास्क आणि पंख्याचे पैसे मी भावातून वाचवले होते, आणि ते त्याच्या छातीतून वसूल होत होते.

एवढं शिकूनही मी मोठी चूक केली. २०१४ मध्ये मुंबईत, फोर्ट भागातल्या एका जुन्या खाजगी इमारतीचं काम मिळालं. जोत्यावर कोणीतरी काळ्या रंगाने मोठी अक्षरं काढली होती. रक्कम मोठी होती. काकांना मी सांगितलंच नाही. ते "नमुना कर, आठ दिवस थांब" म्हणतील आणि काम हातचं जाईल, अशी भीती होती. जोतं पिवळसर दगडाचं. मी तो मालाड दगड समजलो. तो पोरबंदरचा दगड होता, म्हणजे पुन्हा चुनखडीच. दुकानदाराने दिलेल्या तयार क्लीनरमध्ये अॅसिड होतं. मी ते थेट अक्षरांवर लावलं. दगड उकळल्यासारखा झाला. रंग गेला, पण अक्षरं जिथे होती तिथे दगड खोल गेला. काळं लिखाण पुसायला गेलो आणि तेच शब्द दगडात कोरून ठेवले.

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. ते लोकलने माझ्याबरोबर आले, जोत्याशी उकिडवे बसले आणि खळग्यांवरून बोट फिरवलं. मालक अजून आला नव्हता. ते म्हणाले, "त्याला दिसायच्या आदी तू सांग." मी सांगितलं. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. मालक खूप बोलला आणि त्याचं सगळं खरं होतं. परतताना गाडीत काका एकच वाक्य बोलले: वरसातून एकदा येऊन हा दगड बघत जा.

आयुष्यभर रंगात हात बुडवून अजिंठा पाहिला नाही, ही गोष्ट काकांना सलत होती. २०१६ मध्ये आम्ही गेलो. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावर, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. नाव माणसाच्या डोक्याच्या वर आहे, कारण तो आला तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. काका मान वर करून खूप वेळ बघत राहिले. मग विचारलं, "याचा काय भाव सांगशील?" मी म्हणालो, हे निघणार नाही. काढायला गेलं तर उरलेलं चित्रही जाईल. त्यांनी मान हलवली. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमाराला, इटलीहून आणलेल्या जाणकारांनी ही चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचं व्हार्निश चढवलं. पुढे तेच पिवळं-तपकिरी पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते उतरवण्यात वर्षानुवर्षं घालवावी लागली. हे मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांनीबी चांगल्याच मनानं केला आसंल." मला फोर्टचं जोतं आठवलं. त्यांनाही आठवलं असावं, पण ते बोलले नाहीत.

पुढे काही तरुण मंडळी एका किल्ल्याच्या तटावरची नावं काढायला बोलवायला आली. तळमळीची मुलं होती, पैसेही वर्गणीतून देणार होती. मी नाही म्हणालो. संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, हे त्यांना सांगितलं. आपल्या काळ्या पाषाणात बारीक छिद्रं असतात. रंग त्यांत बसतो, आणि तारेच्या ब्रशने घासलं तर ओरखडे उठतात, शिवाय ब्रशचे लोखंडी कण अडकून पुढे गंजतात. पुरातत्त्व खात्याला लिहायचा अर्ज मी त्यांच्याबरोबर बसून लिहिला. काका भेटले नसते तर मी ते काम घेतलं असतं.

१० मार्च २०१९ ला लोकसभा निवडणूक जाहीर झाली. आचारसंहितेत सरकारी इमारतींवरचं राजकीय लिखाण २४ तासांत, सार्वजनिक जागेवरचं ४८ तासांत आणि खाजगी भिंतींवरचं ७२ तासांत काढावं लागतं. त्या तीन दिवसांत आम्ही झोपलो नाही. एका मालकाला पक्षाच्या घोषणेबरोबर खालचे सुटलेले पापुद्रेही काढून गिलावा मोकळा करून हवा होता. रिमूव्हरखाली एकेक थर उतरत गेला आणि तळाशी निळ्या रंगात बियाण्याची जाहिरात दिसली. 'श' ची गाठ बघताच मी मशीन बंद केलं. ती गाठ फक्त एकाच माणसाच्या हाताची होती. मी पोराला पाठवून काकांना बोलावलं. ते काठी टेकत आले, अक्षरांकडे बघितलं आणि विचारलं, "कोटेशनमधी काय लिवलंय?" मी सांगितलं, गिलाव्यापर्यंत. "मग गिलाव्यापर्यंत काढ." ते सावलीत बसून राहिले. त्या भिंतीला मला तीन तास लागले.

एकदा मी त्यांना पाकीट दिलं होतं. त्या पैशांचे त्यांनी मजुरांसाठी रबरी हातमोजे आणले. २०२१ मध्ये ते गेले. माझ्या कामाचा पसारा आता मोठा झाला आहे असं लोक म्हणतात, पण त्यातला कुठला भाग माझा आहे हे मला नीट सांगता येत नाही.

दर वर्षी पावसाळ्यानंतर मी ठाण्याहून गाडी पकडून फोर्टला जातो. अक्षरांच्या कडा आता थोड्या बोथट झाल्या आहेत, खळग्यांत धूळ बसली आहे. पहिले दोन शब्द अजून वाचता येतात. मी बोट फिरवून बघतो आणि परत येतो.