आजचा रकाना, उद्याचा रकाना

माणूस विकेंडला काय वाचेल याचा नेम नाही. दोन शनिवार झाले, मी अमेरिकेतल्या बेसबॉल स्काउट मंडळींबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय. स्काउट म्हणजे गावोगाव फिरून पोरं हेरणारी माणसं. रूममेट विचारतो, "तुझा काय संबंध रे?" संबंध आहे, आणि तो थेट यवतमाळशी आहे. सांगतो.

आधी थोडं बेसबॉल. मेजर लीगच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात. अठरा-वीस वर्षांची पोरं तिथे छोट्या गावांत, बसने फिरत खेळतात. त्यांच्यात पारखायला अवघड जमात म्हणजे इनफिल्डर, आणि त्यातही शॉर्टस्टॉप. हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो. आपला पॉइंटला उभा असलेला जडेजा डोळ्यासमोर आणा. सरपटत आलेला बॉल उचलायचा आणि पहिल्या बेसकडे फेकायचा, तोही बॅटर 90 फूट पळायच्या आत. सगळा खेळ चारेक सेकंदांचा!

स्काउट मॅचच्या आधीच येऊन बसतो, कारण त्याला प्रॅक्टिस बघायची असते. बॉल पकडला की सुटला यापेक्षा त्याचं लक्ष पायांवर असतं. पाय बॉलच्या आधी पोचतात का? हात मऊ आहेत का? तोल गेलेला असताना फेक सरळ जाते का? मग तो 20 ते 80 या पट्टीवर मार्क देतो. 50 म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. आणि गंमत पुढे आहे. प्रत्येक गुणासाठी रकाने दोन असतात, एक आजचा आणि एक उद्याचा. आज 40, पण अजून तीन-चार वर्षांनी 60.

हे वाचून मी जरा थांबलोच. आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूत एकच रकाना असायचा. दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे 60 टक्के आहेत का? नाहीत? मग बाहेर. उद्याचा रकानाच नाही!

उद्याच्या रकान्याचं उत्तम उदाहरण म्हणजे डेरेक जीटर. 1993 साली मायनर लीगमध्ये शॉर्टस्टॉपला उभं राहून या पोराने एका सीझनमध्ये 56 चुका केल्या. छप्पन्न! एक्सेल शीट बघून निर्णय घेणाऱ्याने त्याला तिथून हलवला असता. यांकीज संघाने नाही हलवला. पुढे त्याच जागेवर त्याने पाच गोल्ड ग्लव्ह मिळवले आणि 2020 साली तो हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला.

मारियानो रिव्हेराची गोष्ट तर उलटीच. हा पनामाचा, कोळ्याचा मुलगा. एका स्काउटने त्याला शॉर्टस्टॉप म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. पुढे तोच पोरगा पिचर म्हणून समोर आला, तेव्हा त्याच स्काउटने त्याला 1990 साली दोन-तीन हजार डॉलरमध्ये करारबद्ध केलं. 2019 साली हॉल ऑफ फेमसाठी एकूण एक मतं मिळालेला तो पहिला खेळाडू ठरला. जागा चुकीची होती, हात बरोबर होता.

आता या आपल्या जिल्ह्यात. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार. आधी तो उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा, पण बॅटिंग डावखुरी आणि थ्रोही डाव्या हाताने. प्रशिक्षक बाळू नवघरे यांनी तो थ्रो पाहिला आणि म्हणाले, डाव्या हाताने बॉलिंग करून बघ. झालं! दोन्ही हातांनी बॉलिंग करणारा स्पिनर तयार. फेब्रुवारी 2019 च्या रणजी फायनलमध्ये त्याने नाबाद 73 काढले, आणि विदर्भाला पहिल्या डावात आघाडी मिळाली ती फक्त 5 रनांची. म्हणजे बघा. नोव्हेंबर 2021 मध्ये मुश्ताक अली ट्रॉफीत मणिपूरविरुद्ध त्याने चार ओव्हर टाकल्या, चारही मेडन, आणि दोन विकेट. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत असं आधी कुणी केलं नव्हतं.

पण मला त्या चार ओव्हरपेक्षा तो थ्रो जास्त महत्त्वाचा वाटतो. बॉलिंगच्या ट्रायलमध्ये तो कुणाला दिसलाच नसता. पोरगं रोज डोळ्यासमोर असेल तरच असलं काही दिसतं.

आपल्याकडे हे कुणाला सुचलं नाही असंही नाही. मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून बीसीसीआयने 2002 साली टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंग सुरू केली. दिलीप वेंगसरकर प्रमुख होते. जुने खेळाडू छोट्या गावांतल्या मॅच बघून रिपोर्ट लिहायचे. प्रकाश पोद्दार यांनी 2003 साली जमशेदपूरला एक धोनी पाहिला, तो याच योजनेत. काही वर्षांतच ती गुंडाळली गेली.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण माझा चुलतभाऊ. वय पंधरा, गाव घाटंजीकडे, घरी कापूस. काकांनी फोनवर विचारलं, "याले नागपूरले ठेवाव का? खर्च झेपीन का नाई ते पायतो, पण तू सांग." पोराला एका ट्रायलमध्ये सहा बॉल खेळायला मिळाले होते आणि दोनवर तो आउट झाला. कागदावर विषय संपला. दिवाळीत मी त्याला फिल्डिंग करताना पाहिलंय. बॉल बॅटवरून निघायच्या आधी याचा पाय हललेला असतो. पण त्या दिवशी त्याला फिल्डिंग करायला कुणी सांगितलंच नाही.

तो मोठा खेळाडू होईल का? मला सांगता येणार नाही, आणि मी स्काउट नाही. पण काकांना मी एवढं म्हटलं की त्याला ट्रायलला पाठवायचे पैसे वाचवा. त्यापेक्षा वर्षभर त्याच्याकडे बघेल असा कोच शोधू, तो यवतमाळला मिळाला तरी चालेल. रविवारच्या एसटीचं भाडं आणि कोचची फी माझ्याकडे. वर्षाने कोचला एकच विचारायचं, उद्याच्या रकान्यात किती लिहाल? उत्तर 30 आलं तरी हरकत नाही. निदान कुणीतरी नीट बघून लिहिलेलं असेल.

तुमच्या ओळखीत असे डोळे असलेला कोच त्या बाजूला असेल तर जरूर कळवा.