हळदीचे पैसे आणि समुद्र

यंदा हळद बऱ्या भावाने गेली. वसमतच्या बाजारातून पट्टी घेऊन आमचे हे घरी आले आणि जेवता जेवता म्हणाले, "पोरांना समुद्र दाखवून आणू." सासूबाईंचा हात ताटातच थांबला. बासष्ट वर्षांत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वर धरणाचं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून एसटीने अलिबाग, रेवदंडा करत मुरूड. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सासूबाईंची जानमाज. मुसाफिर म्हणून चार रकातींच्या दोन झाल्या, याचं त्यांच्या गुडघ्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काशीदच्या किनाऱ्यावर गेलो. पांढुरकी वाळू, सुरूची झाडं, आणि ऊन आपल्या हिंगोलीसारखंच. फक्त इथं घाम सुकत नाही. पाण्यावर नुसता खेळ चालला होता. कुणी जेट स्कीवर, कुणी पॅराशूटला लटकलेलं. एक लांब पिवळी फुगवलेली बोट होती. तिच्यावर पाच-सहा जण बसतात, पुढची मोटारबोट तिला ओढते आणि शेवटी मुद्दाम उलटवून सगळ्यांना पाण्यात पाडते. माझी लेक नववीत आहे. ती म्हणाली, "अम्मी, मी बसू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे निर्णय माझा.

"तुला पोहता कुठं येतं?" मी म्हणाले. पण हे काही खरं कारण नव्हतं. प्रत्येकाला लाइफ जॅकेट देत होते आणि सोबत त्यांची माणसं होती. खरं कारण ओले कपडे. ती भिजून बाहेर येणार, सलवार-कुर्ता अंगाला चिकटणार आणि किनाऱ्यावर एवढे लोक. मी "नको" म्हणाले. तिनं वाद घातला नाही. धाकटा मात्र बापाबरोबर बसून आला, पडला, खारं पाणी प्याला आणि दिवसभर तेच सांगत राहिला.

मी दहा वर्षांची झाले तेव्हा माझं कयाधूवर जाणं बंद झालं होतं. भाऊ जायचा. त्याचे ओले कपडे मी पिळून वाळत घालायची. त्या दिवशी धाकट्याची पँट पिळताना हे आठवलं आणि नको तेव्हा आठवलं असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला गेलो. होडीवाल्यांची मराठी ऐकून सासूबाई चकित. आपल्याकडे घरात दखनी, बाहेर मराठी; इथले मुसलमान घरातही हीच कोकणी वळणाची बोली बोलतात. "मग आपल्याला कुणी मराठी येते का असं का विचारतं?" त्या म्हणाल्या. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

लेकीनं मदरशात शिकलेलं सांगितलं, की जंजिरा म्हणजे अरबीतला जझीरा, बेट. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडी पायऱ्यांना लागली तरी लाटेवर वरखाली होत होती. माझे पाय गळाले. लेकीनं आधी उडी मारली, मग वळून माझा हात धरला, आजीचा धरला. रात्रीपासून ती माझ्याशी नीट बोलली नव्हती. हात मात्र घट्ट धरला होता.

आत कलालबांगडी तोफ पाहिली, पडकी मशीद पाहिली. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं हे राज्य 1948 पर्यंत टिकलं. पण आम्ही रेंगाळलो ते तलावांपाशी. चहूकडे खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याचे दोन तलाव! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला तोफेपेक्षा याचंच नवल. धाकट्यानं तटाखालचा खडक चाचपला. "अब्बा, हा तर आपल्या विहिरीत लागला तोच दगड!" पोराचं बरोबर होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचं पठार झालं. आपली काळी माती त्याच खडकाची झीज, आणि हे बेटही त्याचंच. विहिरीला सुरुंग लावताना ज्याला शिव्या घातल्या, त्याच दगडावर बसून ह्यांनी दशमी खाल्ली.

परतल्यावर, असरनंतर, मी लेकीला म्हणाले, "चल, काशीदला जाऊन येऊ. बस त्या बोटीत." ती माझ्याकडे बघतच राहिली. रिक्षा करून पोहोचलो तोवर वारा वाढला होता आणि बोटी वर ओढून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची एसटी होती.

मी शिवणकाम करते. बुरखे, शाळेचे गणवेश, फ्रॉक. घरी आल्यावर ट्रॅकसूटचं जाडसर कापड आणलं, जे भिजलं तरी अंगाला चिकटत नाही. सैल पायजमा, गुडघ्यापर्यंत सदरा, डोक्याला घट्ट टोपी. सदरा पाण्यात वर तरंगू नये म्हणून आतून नाडी लावली. पहिला बिघडला, बाह्या आखूड झाल्या. दुसरा जमला. लेकीनं तो घालून न्हाणीघरात अंगावर दोन बादल्या ओतून घेतल्या आणि ओलीच बाहेर येऊन आरशासमोर उभी राहिली. सासूबाई तिला पुढून-मागून न्याहाळत म्हणाल्या, "खिसा ठेवायचा होता गं एक."

आता तिसरा कापायला घेतला आहे, माझ्या मापाचा.