पंधराव्या ओळीतली खाडाखोड

खरेदीखतात आकडा खोडला, तर ती खाडाखोड मान्य असल्याची सही शेजारी लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या शेवटीही सह्यांजवळ अशीच नोंद आहे. कितव्या पानावर, कितव्या ओळीत कोणता शब्द वर घातला, कोणता खरवडला, सगळं त्यात आलंय. राज्यघटना शिकवताना मी पहिल्या तासाला मूळ पानाचं छायाचित्र पडद्यावर लावतो आणि मुलांना म्हणतो, आधी खाडाखोड शोधा.

पहिलं पान, पंधरावी ओळ. तिथला ‘तीस’ हा शब्द खरवडलेल्या जागेवर लिहिलाय. आधी तिथे ‘चाळीस’ होतं.

१७ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फियात मे अखेरीपासून बंद दारांआड चाललेल्या परिषदेचा शेवटचा दिवस. चर्मपत्रावरची प्रत तयार, सह्या तेवढ्या बाकी. तेवढ्यात मॅसॅच्युसेट्सचे नॅथॅनियल गोरम उठले. दर चाळीस हजारांमागे फार तर एक प्रतिनिधी, ही मर्यादा तीस हजारांवर आणा, असं त्यांचं म्हणणं. सगळा उन्हाळा वादात न पडलेले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन त्यांच्या बाजूने बोलले. सूचना एकमताने मंजूर झाली आणि शाई खरवडली गेली.

हे इतकं सोपं नेहमीच नव्हतं. आधीच्या महासंघाच्या करारात बदल करायचा, तर तेराही राज्यांचा होकार लागे. आयातीवर कर बसवायचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळला. म्हणून नव्या घटनेने पाचव्या कलमात दुरुस्तीची वाट ठेवली. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि तीन-चतुर्थांश राज्यांची मान्यता, ही तिची रुळलेली रीत.

पण पहिल्या पानावर, ‘तीस’ असलेल्या त्याच परिच्छेदात थोडं वर वाचा. प्रतिनिधी ठरवताना स्वतंत्र माणसं पूर्ण मोजायची, ‘इतर सर्व व्यक्ती’ तीन-पंचमांश. गुलाम हा शब्द मूळ मसुद्यात कुठेच नाही. मुलांना वाटतं, गुलामांना अर्धंमुर्धं माणूस मानलं, एवढाच याचा अर्थ. हिशेब त्याहून वाईट होता. मालकांना गुलाम पूर्ण मोजलेले हवे होते, कारण मत गुलामांना नसलं तरी जागा मालकांच्या राज्याच्या वाढणार होत्या. माणसं वेठीला आणि त्यांच्याच डोक्यांवर वाढीव सत्ता!

ही ओळ त्या दिवशी कुणी खरवडली नाही. ती मोडायला यादवी युद्ध झालं, सहा लाखांहून अधिक सैनिक गेले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन-पंचमांशांची मोजणी संपली. पाच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती त्या लढ्यासाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच.

दरवर्षी कुणीतरी विचारतं, मग ते वाक्य अजून पानावर कसं? आपल्याकडे घटनादुरुस्ती मूळ मजकुरातच घालतात. तिकडे १७८९ मध्ये काँग्रेसमध्ये पहिल्या दुरुस्त्या मांडणाऱ्या जेम्स मॅडिसनलाही तसंच हवं होतं. त्याच सभागृहातले रॉजर शर्मन अडून बसले, मूळ मजकुराला हात लावू नका, दुरुस्त्या शेवटी जोडा. त्यांचंच चाललं.

म्हणून त्या पानावर ‘चाळीस’ सापडत नाही. ‘तीन-पंचमांश’ मात्र मुलं मागच्या बाकावरूनही वाचतात.