अमली पदार्थाच्या केसमध्ये पहिल्यांदाच अडकलात? डॉक्टरांचं सर्टिफिकेट किती उपयोगाचं?

मुलाला पोलिसांनी एनडीपीएसखाली अटक केली की आईवडील आधी वकिलाकडे धावतात आणि मग माझ्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञाकडे येतात. मागणी बहुतेक वेळा एकच असते. "डॉक्टर, तो व्यसनी आहे असं लिहून द्या, म्हणजे सुटेल." मी त्यांना सांगतो, नुसत्या कागदाने कुणी सुटत नाही. उपचारांनी मात्र काही जण सुटू शकतात.

या 1985 च्या कायद्यात 'पहिलीच वेळ आहे' याआधी वजन पाहिलं जातं. गर्द म्हणजे हेरॉइन 5 ग्रॅमच्या आत, एमडी 2 ग्रॅमच्या आत, गांजा एक किलोच्या आत असेल तर ते अल्प प्रमाण. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. हेच गर्द 250 ग्रॅमच्या, एमडी 50 ग्रॅमच्या किंवा गांजा 20 किलोच्या वर गेला, की किमान 10 वर्षं, आणि कलम 37 मुळे जामीन मिळणंही फार कठीण. मधल्या वजनाला 10 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पुडीत भेसळ असली तरी वजन सगळ्या मिश्रणाचं धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसा निकाल दिला आहे.

आता माझ्या कामाचा भाग. कलम 64अ असं सांगतं, की व्यसन जडलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि त्याने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. दोषी ठरल्यावरही कलम 39 खाली न्यायाधीश अशा माणसाला, त्याची संमती असेल तर, तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडू शकतात. वकिलांना हे दोन आकडे आवर्जून विचारा. अनेक घरांमध्ये ते कुणी सांगितलेलेच नसतात.

म्हणून मी सर्टिफिकेट देत नाही, तपासतो. कधीपासून घेतोय, किती, बंद केल्यावर काय होतं, लघवीच्या तपासणीत काय येतं, हे सगळं केसपेपरवर जातं. व्यसन नसेल तर तसंही लिहितो, आणि मग घरचे नाराज होतात. पण एखाद्या पार्टीत घेऊन पाहिलेल्या मुलाला व्यसनी ठरवायची गरजच नाही. फक्त सेवनाचा, म्हणजे कलम 27 चा गुन्हा असेल तर न्यायालय प्रोबेशनचा विचार करू शकतं. खोट्या कागदाने उलट त्याची बाजू लंगडी होते.

आरोप मोठ्या प्रमाणाचा असेल तर उपचारांनी केस सुटणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. तरी उपचार लागतातच, आणि तेही कोठडीपासून. गर्द घेणाऱ्याला शेवटच्या डोसनंतर साधारण 8 ते 12 तासांत 'टर्की' सुरू होते: अंगदुखी, जुलाब, उलट्या, झोप नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल आणि त्या एकदम तुटल्या, तर फिट येऊन जीवही जाऊ शकतो. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत हे डॉक्टरांना सांगा. लाजेपोटी लपवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

जामिनावर घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे मला जास्त धास्तीचे वाटतात. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन त्याने गर्दचा पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. त्यामुळे तो सुटायच्या आधीच व्यसनमुक्ती केंद्राची वेळ घेऊन ठेवा. जवळचं केंद्र माहीत नसेल तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर विचारा, फोनला पैसे पडत नाहीत.