मामंजींचा कॅमेरा आणि दोन रोल



गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून मामंजींचा जुना कॅमेरा खाली आला. पेंटॅक्स के १०००. हे मॉडेल १९७६ ते १९९७ अशी २१ वर्षं निघत होतं. खलबत्त्यासारखा जड, पण इतका जपलेला की बटण दाबताच खट्ट वाजला!

याचं सगळं काम स्प्रिंगांवर आणि दातेरी चाकांवर. छोटासा सेल लागतो तो फक्त उजेड मोजायला. डोळा लावला की उजव्या कडेला काटा हलताना दिसतो. तो मध्यावर आला की उजेड बरोबर. हे बंद करायला बटण मात्र नाही. लेन्सला टोपी घालायची, तरच सेल वाचतो. मी टोपी विसरते आणि मामंजींची बोलणी खाते.

पहिला रोल घेऊन आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. डोंगर, २८ फुटी मूर्ती, पायरीवर टेकलेल्या सासूबाई. मोजून ३६ फोटो. रोल धुऊन आला तो कोरा! फिल्मचं टोक आत नीट अडकलंच नव्हतं. "पुढचा फोटो ओढताना डावीकडची कळ फिरते का, ते बघायचं असतं," मामंजी हसत म्हणाले.

पुढचे रोल छान आले. मोबाईलवर मी एका वाढदिवसाचे शंभर फोटो काढते आणि एकही बघत नाही. इथे ३६ म्हणजे ३६. बोट आपोआप थांबतं.

मग एके दिवशी लेक म्हणाली, "आई, जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं म्हणून तू घेऊ देत नाहीस. फिल्मवर चांदीचे क्षार जिलेटिनमध्येच बसवलेले असतात."

खरंच होतं. जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून केलेलं तेच जिलेटिन. काळ्या-पांढऱ्या, रंगीत, सगळ्या रोलांत.

मामंजींना हे ठाऊक नव्हतं. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे महाराजांच्या चातुर्मासाचे फोटोसुद्धा..."

अल्बम आम्ही ठेवले. नकळत झालेल्यासाठी प्रतिक्रमण आहे. पण आता कळलं होतं, आणि फ्रिजमध्ये दोन रोल शिल्लक होते. फेकले तर ज्या जिवाचं गेलं ते वाया, वापरले तर कळून वापरले. चार दिवस मी फ्रिज उघडला की ते डोळ्यांसमोर. शेवटी दोन्ही रोल मामंजींच्या हातात दिले. त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा फोटो काढला, सावकाश, काटा मध्यावर आणून. त्यानंतर रोल आणला नाही.

कॅमेरा आता कपाटात आहे. शटर अडकू नये म्हणून अधूनमधून मी तो रिकामाच चालवते. डोळा लावते. खिडकीशी सासूबाई मेथी निवडत असतात. काटा मध्यावर येतो. खट्ट.

मग आठवणीने टोपी घालते. तुम्ही त्या दोन रोलांचं काय केलं असतं?